माझ्या लेकीच्या खोलीतली कासवं

लेकीचं लग्न झालं त्याच वर्षी पावसाळ्यात तिच्या खोलीत कासवं राहायला आली. घरात ती आधीपासून होती, मागच्या मोकळ्या जागेत. पण त्या जुलैत मादीच्या नाकातून फेस यायला लागला आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ही आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातली जात, ठाण्याच्या पावसात उघड्यावर ठेवलीत तर दोन्ही जातील. त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्याने लेकीचा पलंग उभा करून भिंतीला लावला, खाली ताडपत्री अंथरली, वरून एक मोठा पिवळा दिवा सोडला आणि दोघांना आत घेतलं. मला विचारलं? छे! मी कामावरून घरी आले तर खोलीच्या दाराला आडवी फळी ठोकलेली आणि आतून खर्र खर्र आवाज.

आमचं घर नौपाड्यात, जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर. मागे एक लांबट मोकळी जागा आहे, सोसायटीचीच, पण दार आमच्या स्वयंपाकघरातून उघडतं म्हणून वापरतो आम्ही. मी आणि नवरा वागळे इस्टेटमधल्या एकाच कंपनीत होतो, तिथेच जमलं, त्यामुळे त्याला अहो-जाहो मी कधी केलं नाही. सासूबाईंना ते आजही टोचतं. कंपनी बंद पडली तशी मी जवळच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला लागले. नवरा घरी बसला आणि मोबाइल बघायला लागला.

त्या मोबाइलमध्ये त्याला कासव भेटलं. कुठल्या तरी देशात एक माणूस आपल्या अंगणात ही राक्षसी कासवं वाढवतो, त्यांची पिल्लं विकतो आणि आरामात जगतो, असा तो व्हिडिओ. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मग एका रविवारी तो कल्याणला गेला आणि केकच्या खोक्यातून दोन पिल्लं घेऊन आला, तळहातावर मावतील एवढी. लेकीची तेव्हा नुकतीच बारावी झाली होती. तिने खोकं उघडलं आणि किंचाळलीच, "बाबा, ही किती गोड आहेत!" विकणाऱ्याने 'जोडी' म्हणून दिली होती. एवढ्याशा पिल्लांत नर-मादी ओळखता येत नाही हे आम्हाला पुढे डॉक्टरीणबाईंकडून कळलं. पण नशीब बघा, निघाली जोडीच. बाकी कशात नाही, पण ह्यात मात्र माझ्या नवऱ्याचं नशीब फळफळलं.

मी चिडलेली होते, पण मी एकटीच. सासूबाईंनी पिल्लांना कुंकू लावलं. देवळात पायरीशी असतं तसं कासव घरी चालत आलं, म्हणजे कूर्मावतारच आला, असं त्यांचं म्हणणं. त्याच महिन्यात लेकीला हवं त्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, झालं, त्याचंही श्रेय कासवांना. शेजारच्या बायका शुक्रवारी येऊन पाया पडायला लागल्या. कुणी केळं आणायचं, कुणी शिऱ्याचा नैवेद्य. ती खायचीही! डॉक्टरीणबाईंनी नंतर पाठीवरचे टेंगळांसारखे उंचवटे दाखवून कपाळावर हात मारला. "गवत खाणारं जनावर आहे हो हे, तुम्ही त्याला शिरा घालताय?"

आणि वाढ म्हणाल तर विचारू नका. दहा वर्षांत मादी भरलेल्या सिलिंडरपेक्षा जड झाली. नर तिच्याहून मोठा. दोन माणसं लागतात उचलायला, आणि उचलताना तो अंगावर धार सोडतो ते वेगळंच. मागच्या जागेतली माझी तुळस, गवती चहा, कढीपत्त्याचं झाड, सगळं गेलं. दोघं जमिनीत बिळं करतात, माणूस आत घुसेल एवढी. मादीने एक बीळ बरोबर आमच्या भिंतीच्या पायाखालून नेलं. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन वाकून बघून गेले आणि म्हणाले, वहिनी, बिल्डिंग बसायची एखाद दिवशी. त्यात नर माजावर आला की असा ओरडायचा की वरच्या मजल्यावरच्या काकू धाडकन खिडकी लावून घ्यायच्या. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवरा मात्र कठड्यावर बसून कौतुकाने बघत असायचा.

त्या दहा वर्षांत आम्ही दोघं मिळून कुठे गेलो नाही. माझ्या भावाच्या मुलाचं लग्न चिपळूणला, मी एकटी गेले. लेकीच्या लग्नानंतर म्हटलं, चल आता कुठेतरी चार दिवस, तर म्हणे त्यांचा दिवा कोण बघणार? पावसाळाभर खोलीत दिवा, थंडीत दिवा, उन्हाळ्यात तेवढी मागे बाहेर. ह्या जातीचं कासव शंभर वर्षं जगतं असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचा. मला हिशेब न करताही कळत होतं की माझ्यानंतर, त्याच्यानंतर, ही दोन जनावरं कुणाच्या तरी गळ्यात असणार. कुणाच्या? एकुलत्या एका लेकीच्या. माझा जीव घुसमटायचा, खरंच सांगते. स्वतःच्या घरात वास मारत होता आणि मी उदबत्त्या लावत होते.

तरी मी ते सगळं पोटात घातलं. पण गेल्या वर्षी लेकीला दिवस गेले.

तिचं सासर डोंबिवलीचं. माणसं चांगली, सरळ. पहिलं बाळंतपण माहेरी हे दोन्हीकडून गृहीतच होतं. सातव्यात ओटी भरायची आणि तिला नौपाड्याला घेऊन यायचं. मी सासूबाईंच्या जुन्या मऊ सुती साड्या फाडून दुपटी शिवायला घेतली. दवाखान्यात सांगून ठेवलं की मे-जूनमध्ये मला धरू नका. मला एकच मुलगी. हे बाळंतपण माझ्या हातून आयुष्यात एकदाच व्हायचं होतं, फार तर दोनदा. तिला न्हाऊमाखू घालायचं, शेक द्यायचा, रात्री बाळ रडलं तर मी उठायचं आणि तिला झोपू द्यायचं, एवढीच माझी हौस. बाकी मला काही नको होतं.

फक्त तिची खोली रिकामी व्हायला हवी होती. मी नवऱ्याला म्हटलं, "दिवाळी झाली की ह्या दोघांचं काय ते बघ. कुणाला तरी दे."

तो म्हणाला, "आता? आता कसं देणार?" कारण नवरात्रात मादीने अंडी घातली होती. त्याने ती थर्माकोलच्या खोक्यात, दिव्याखाली, लेकीच्याच कपाटात ठेवलेली. दहा वर्षं ह्याच क्षणाची वाट बघत होता बिचारा. बिचारा म्हणते, कारण तेव्हा मला त्याची दयाही आली. जानेवारीत पिल्लं फुटली तेव्हा हा माणूस रडला. आमची लेक झाली तेव्हा रडला नव्हता, घाबरून बाहेर चहा पीत बसलेला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लेक आली. पाचवा महिना होता, काळी साडी, हलव्याचे दागिने मी घरीच केले होते. मी बाहेरच्या खोलीत वाणाच्या पिशव्या भरत होते. आत देवघरापाशी सासूबाईंनी एक पिल्लू ताम्हनात ठेवून त्यावर दुधापाण्याचा अभिषेक केला, पोटुशी नात दारात आलीय आणि घरात नुकताच कूर्माचा जन्म झालाय, ह्याहून मोठा योग कुठला! त्यांनी पळीने ते तीर्थ आधी तिच्या हातावर घातलं, मग स्वतः घेतलं. लेकीने आजीचा मान ठेवला. कुणाही शहाण्या मुलीने ठेवला असता.

दोन दिवसांत तिला ताप चढला. जुलाब, उलट्या, थांबेचनात. डोंबिवलीच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं तेव्हा तिचे डोळे आत गेलेले. इकडे सासूबाईही आडव्या. मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसले होते आणि सलाइनचे थेंब बघत होते. एक तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन आला आणि त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "घरात कासव वगैरे पाळलंय का कुणी?"

मी हो म्हटलं. माझ्या समोर विहीणबाई बसलेल्या, जावई उभा. डॉक्टर म्हणाला, कासवांच्या अंगावर, विष्ठेत, त्यांच्या पाण्यात असे जंतू असतात, त्यांना काही होत नाही पण माणसाला होतं, आणि गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला फार वाईट होतं. लेकीने डोळे मिटून घेतले आणि पुटपुटली, "आजीने तीर्थ दिलं होतं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. बाळाचे ठोके ऐकू येईपर्यंत मी श्वास घेतला की नाही मला आठवत नाही.

बाळ ठीक होतं. पण घरी सोडायच्या दिवशी विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. कधी आवाज चढवणारी बाई नाही ती. म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. बाळंतपण आपण इकडेच करू. ती जनावरं तिथे आहेत तोवर मी काही सुनेला पाठवायची नाही." तिच्या जागी मी असते तर ह्यापेक्षा कडक बोलले असते.

घरी येऊन मी जी सुटले! सासूबाई बिछान्यावर, त्यांना मी एक शब्द बोलले नाही. त्या बाईला स्वतःलाच इतकं लागलं होतं की उठल्या त्या दिवसापासून त्यांनी कासवांच्या दिशेने बघणंच सोडलं. कुंकू बंद, नैवेद्य बंद. शुक्रवारच्या बायकांना दारातूनच परत पाठवायला लागल्या. पण नवऱ्याला मी सोडलं नाही. म्हटलं, "सातव्यापर्यंत मला ही खोली मोकळी पाहिजे. कुठे नेऊन टाकतोस ते तुझं तू बघ."

टाकायचं कुठे, हाच तर फास होता. जिथून आणली त्या कल्याणच्या माणसाचा फोन बंद. वनखात्यात गेलो तर म्हणाले परदेशी जनावर आहे, तलावात-जंगलात सोडलंत तर गुन्हा, दुसऱ्याला द्यायचं तर रीतसर कळवून द्या. प्राण्यांच्या संस्था म्हणाल्या आमच्याकडे आधीच अशी पडून आहेत, लोक लहान असताना घेतात. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच एक माणूस सुचवला. खडवलीचा, तिथलाच जमीनवाला, घरामागे मोठी वाडी, बदकं, ससे, शहामृगासारखे दोन पक्षी आणि असलीच आणखी तीन कासवं. त्याची नोंदणी वगैरे व्यवस्थित होती. मी स्वतः जाऊन बघून आले, लोकांच्या भरवशावर नाही राहिले. कोरडी, रेताड जागा, पावसासाठी पक्की शेड. तो म्हणाला, "आना ना ताई, जागा भरपूर हाय. पिल्लां आताच नेतो. मोठी जोडी पन पावसाच्या आधी आना, मंग माझा रस्ता चिखलान जातो, टेम्पो येत नाय."

पिल्लं गेली. मनाविरुद्ध का होईना, नवऱ्याने दिली. मार्चच्या शेवटी टेम्पो आला. मी रजा टाकलेली. नराला चौघांनी मिळून फळीवरून वर चढवलं. आणि मादी? मादी बिळात. उन्हं तापली की ही जात जमिनीखाली जाऊन बसते, आणि आमची बाई जाऊन बसली होती पायाखालच्या बिळात, लेकीच्या खोलीच्या बरोबर खाली. काठीने हलवून बघितलं, कलिंगड ठेवून बघितलं. खणायला गेलो तर सेक्रेटरी धावत आले, इथे कुदळ लावायची नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं.

नवरा बिळाच्या तोंडाशी पालथा पडला, मोबाइलचा उजेड आत सोडून तिला हाका मारायला लागला, "ये गं, ये माझी राणी." तासभर. टेम्पोवाला घड्याळ बघतोय, नर टेम्पोत फुत्कारतोय. शेवटी नवरा उठला, अंग झटकलं आणि म्हणाला, "ह्याला खाली घ्या. एकट्याला नाही पाठवणार मी."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "पोटच्या पोरीसाठी कधी असा पालथा पडलास का रे? तिला विचारलंस का एकदा तरी, ये गं म्हणून?" खडवलीवाला दुसरीकडे बघायला लागला. नवऱ्याच्या दाढीला माती लागलेली, तो तशाच तोंडाने म्हणाला, "मी आणलंय ना त्यांना. मीच टाकू?" त्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

ठरलं असं की मादी वर आली की बीळ बंद करायचं आणि खडवलीला फोन लावायचा. ती रोज सकाळी वर यायचीच, खायला. नवरा तिला मेथी-पालकाचे देठ घालायचा, पाठीवर हात फिरवायचा, आणि ऊन चढलं की ती परत खाली. फोन करायचं ह्याच्या लक्षात राहायचं नाही. मी विचारलं की, "आज जरा मलूल वाटत होती", "उद्या करतो." सकाळी मला दवाखाना. एकदा मी मुद्दाम उशिरा गेले आणि ती बाहेर असताना बिळावर लादी टाकली. अर्ध्या तासाने फोन करून विचारलं तर ह्याने लादी काढलेली. म्हणे ऊन लागत होतं तिला. रोज रोज किती भांडणार? एका माणसाशी भांडता येतं. एक माणूस आणि दोन कासवं आणि वर तो गप्प, माझे हात टेकले.

सातवा गेला, आठवा गेला. ओटी डोंबिवलीला भरली, मी पाहुण्यासारखी जाऊन आले. मेमध्ये नात झाली.

विहीणबाईंनी मला कधी येऊ नका म्हटलं नाही. पण पद्धत ठरली. मी स्टेशनवरून रिक्षाने गेले की आधी बाथरूम. अंघोळ करायची, त्यांच्या कपाटात माझ्या दोन साड्या ठेवलेल्या, त्यातली नेसायची, मग बाळाला घ्यायचं. दोन तास बसायचं. लेक बाळाला पाजायची आणि मी बघायचे. मालिशवाली बाई, शेकशेगडी, सगळं त्यांनी नीट लावलेलं. माझ्या हाताला कामच नव्हतं. लेक एकदा म्हणाली, "आई, राहा ना आज." मी म्हटलं आजीला जेवण कोण देईल. ती म्हणाली, "हो, आणि त्यांना पाला कोण देईल."

कामच नाही म्हणून मी डिंकाचे लाडू केले. घरी, दोन दिवस खपून. डिंक तळून फुलवला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, जायफळ लावलं. स्टीलचा मोठा डबा भरून नेला. लेकीने डबा छातीशी धरला, "अय्या, आई!" म्हणाली. मला आभाळ ठेंगणं झालं.

चार दिवसांनी मी त्यांच्या जिन्यातून वर चढत होते आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाई खाली उतरत होत्या. त्या थांबल्या, हसल्या. "काकू, लाडू लई भारी झालेले. माझी सून पण ओली बाळंतीण आहे ना, तिला दिले सगळे. ताईंनीच दिला डबा."

ताई म्हणजे माझी लेक. विहीणबाई नव्हे, माझी लेक. तिने एकही खाल्ला नव्हता. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही हो, तेच तर वाईट. त्या घरात, त्या ओट्यावर केलेलं, ती पाजणारी बाई, तिने कसं खावं? तिने मला दुखवायला नको म्हणून हसून घेतलं आणि गुपचूप देऊन टाकलं. माझ्या पोरीला माझ्या हातचं खायची भीती वाटते, हे मला एका परक्या बाईच्या कौतुकातून कळलं. रडू असं आलं की वर जाईपर्यंत पदर ओला.

वर जाऊन अंघोळ केली. साडी नेसले. मग बाळाजवळ न जाता स्वयंपाकघरात गेले आणि विहीणबाईंना म्हटलं, "तुमची कढई द्याल का? लाडू इथे करते." त्यांना कळलं असावं. काही न विचारता त्यांनी वरून मोठी कढई काढली, खारकांना जावयाला पिटाळलं, आणि माझ्या शेजारी बसून खोबरं किसायला लागल्या. दुपारी लाडू वळत होते तेव्हा लेक उठून आली. परातीतला पहिला गरम लाडू तिने उभ्या उभ्याच खाल्ला. मग दुसरा. "आई," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. माझे दोन्ही हात तुपाने माखलेले, तिला जवळही घेता येईना.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. हात बरबटलेले म्हणून लेकीने स्पीकर लावून धरला. "अगं, ऐक ना! परत अंडी घातली तिने! आत्ताच खड्डा केला मागे. मी काढून ठेवलीत सगळी. जुना थर्मोस्टॅट गेलाय, नवीन आणायला कल्याणला निघालोय. संध्याकाळपर्यंत येतो." नातीचं काय, लेकीचं काय, अवाक्षर नाही. लेकीने फोन बंद केला आणि ओट्यावर ठेवला. "जा आई तू," एवढंच म्हणाली आणि बाळाकडे गेली.

मी निघाले. रिक्षात मनाशी ठरवत होते की आज काय ते होऊन जाऊ दे. त्या अंड्यांना मी हात लावणार होते का? माहीत नाही. मनात होतं. आज दिव्याखाली गेली की ऑगस्टपर्यंत ती खोली पुन्हा अडकली, आणि ऑगस्टनंतर पिल्लं, आणि पिल्लांनंतर पुन्हा अंडी. माझी नात रांगायला लागेल, शाळेत जाईल, आणि कधी तिच्या आजीच्या घरी राहायला येणार नाही.

घरात शिरले तर सामसूम. लेकीच्या खोलीत डोकावले. खोकं उघडं, रिकामं, दिवा बंद. पाण्यासाठी फ्रीज उघडला.

आमच्याकडे अंडं चालत नाही. खायचं अंडं सासूबाईंनी उभ्या जन्मात घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, लेकीला डॉक्टरांनी लहानपणी सांगितलं तेव्हासुद्धा शेजारी जाऊन खावं लागायचं. आणि त्या फ्रीजमध्ये, वर बर्फाच्या कप्प्यात, सासूबाईंच्या पातळाच्या फडक्यावर, पांढरीशुभ्र गोल अंडी नीट ओळीने लावून ठेवलेली. गार पडली की ती वाढत नाहीत, हे नवऱ्याने सगळ्यांना शंभरदा सांगितलेलं.

मी मागे धावले. सासूबाई, वय वर्षं शहाऐंशी, बिळाच्या तोंडाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेल्या. पायाखाली बिळावर लाकडी पाट, त्यावर आणखी दोन फरश्या. कपाळावर घामाच्या धारा. मादी समोर येऊन थबकलेली, मान उंच करून, परत खाली जायला वाट शोधत. नर पलीकडे भिंतीच्या सावलीत. सासूबाई तिच्याकडे बघतही नव्हत्या.

"अहो, कधीपासून बसलाय उन्हात?" मी म्हटलं.

"तो गेला तेव्हापासून. अंडी मीच ठेवली." आवाज बारीक, पण थरथर नव्हती. "पाप लागेल ते मला लागेल. माझं आता काय राहिलंय? त्या दिवशी माझ्या हाताने मी पोरीला काय पाजलं, ते मला दिसतं गं डोळे मिटले की." मग पदराने तोंड पुसलं. "खडवलीच्या त्या माणसाला फोन लाव. टेम्पो येईपर्यंत मी इथून हलणार नाही. बघू, आईला उचलून बाजूला ठेवतो का तो."

मी फोन लावला. खडवलीवाला म्हणाला, दोन तासांत येतो, दोघांनाही नेतो. मी सासूबाईंसाठी पाणी आणलं, त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघी एका बाजूला होतो.

टेम्पोच्या आधी नवरा आला. हातात नव्या थर्मोस्टॅटचं खोकं. त्याने आधी मादीकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग आईच्या पायाखालच्या पाटाकडे. त्याने पिशवी खाली ठेवली, मादीपाशी उकिडवा बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. आता तो रडणार असं मला वाटलं, आणि तो रडलाच.

सासूबाईंनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं असेल तर ऊठ. बादली घे, फिनेल घे. तुझ्या मुलीची खोली धुवायची आहे."